रेमिगी इमहोल्त्सचा पलंग

इमहोल्त्स, रेमिगी. वय बावन्न. अविवाहित. धर्म कॅथलिक. जन्मगाव लाउएनेक, मूळ गाव लाउएनेक, वास्तव्याचे गाव लाउएनेक (याबाबतचा वाद पुढे येईल). व्यवसाय: उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात चीज करणे, हिवाळ्यात उन्हाळ्याची वाट पाहणे. उंची मध्यम, बोलणे त्याहून कमी. लष्करी सेवा खेचरांच्या तुकडीत पूर्ण. खेचरांची तक्रार नाही. पक्ष नाही, वाद्य नाही. विशेष खूण: सदर इसम आजतागायत एकदाही सरपंच झालेला नाही.

या शेवटच्या खुणेमुळे रेमिगी आमच्या गावात लांबूनही ओळखू यायचा.

लाउएनेकला गाव म्हणायचं ते चर्चमुळे. घरं थोडी, चर्च एक, आणि चर्चच्या मानाने घंटा फार मोठी. संत मार्टिनच्या सणाला, म्हणजे नोव्हेंबरात, सूर्य आमच्या पाठच्या डोंगराआड जातो तो फेब्रुवारीत मेणबत्त्यांच्या सणाला परत येतो. मधल्या काळात ओढ्यापलीकडच्या रॉसबोडेन गावावर ऊन असतं, आणि ते आम्हाला इथून स्वच्छ दिसतं. दोन गावांचं पटत नाही त्याचं हे एक कारण. दुसरं कारण खुद्द ओढा.

पाचशे वर्षांपूर्वीच्या करारात दोन गावांची हद्द ‘पाण्याच्या मध्यावरून’ अशी लिहिली आहे. लिहिणाऱ्यांना पाणी कायम तिथेच राहील असं वाटलं असावं. आमच्या पणजोबांच्या काळात असा पूर आला, की सकाळी लोक उठून बघतात तो ओढा रॉसबोडेनच्या बाजूला बराच सरकलेला. आमचं गाव म्हणालं, हद्द पाण्याची, पाणी सरकलं, हद्द सरकली. रॉसबोडेन म्हणालं, पाणी शुद्धीवर नव्हतं. खटला उभा राहिला आणि दोन्हीकडच्या वकिलांची मुलं वकील होईपर्यंत चालला. शेवटी निकाल लागला: करारावर सह्या झाल्या त्या दिवशी पाणी जिथे होतं, हद्द तिथेच. म्हणजे वाहता ओढा एकीकडे आणि हद्द दुसरीकडे, कोरड्या दगडगोट्यांतून. त्या दिवसापासून दोन गावं एकमेकांशी बोलत नाहीत. लग्नं होतात, पण बोलणं नाही.

या गोट्यांवर रेमिगीच्या आजोबांनी घर बांधलं. दगड आयता होता आणि परवानगी विचारायला कुणी येत नव्हतं. जो विचारायला येईल त्याने जागा आपली मानली असं झालं असतं, आणि मग वाट दुरुस्त करणंही त्याच्याच गळ्यात पडलं असतं. त्यामुळे आजही त्या घराची चूल, जेवायची खोली आणि पुढची निजायची खोली लाउएनेकमध्ये आहे. मागची खोली आणि अर्धा गोठा रॉसबोडेनमध्ये. गायी लाउएनेकमध्ये खातात आणि रॉसबोडेनमध्ये शेण टाकतात. त्याबद्दल रॉसबोडेनने एकदा लेखी नाराजी कळवली होती. खटल्यानंतरचा तो एकमेव पत्रव्यवहार.

आता सरपंचपदाचं. आमच्या कँटनचा, म्हणजे प्रांताचा, कायदा असा, की ग्रामसभेने निवडलं की नाही म्हणता येत नाही. वयाची पासष्टी झाली असेल किंवा गावचं कुठलंही पद एकदा भोगून झालं असेल तरच सुटका. त्यामुळे ग्रामसभेत आमचे लोक भिंतीला पाठ लावून बसतात आणि कुणी नाक खाजवायलासुद्धा हात वर नेत नाही. ओटिलिया प्लान्त्सर ही मधमाश्या पाळणारी बाई. दोन वर्षांपूर्वी ती सभेच्या मध्येच संडासला गेली आणि परत आली ती सरपंच होऊन. पहिला हात तिच्या नवऱ्याचा वर झाला होता. तेव्हापासून त्याला घरात मध मिळत नाही.

रेमिगी इतकी वर्षं सुटला, कारण तो सभेत मोठ्या शेगडीमागे बसायचा आणि बोलायचा नाही. लोक त्याला विसरायचे. मात्र त्या वर्षी ओटिलियाची मुदत संपत आली तेव्हा गावाने हिशेब केला, तर बाकी सगळे एकतर भोगून मोकळे झालेले किंवा म्हातारे. उरला एकटा रेमिगी. लोक त्याला आधीपासूनच ‘सरपंच’ म्हणू लागले. दुकानातली बाई त्याला पाव देताना किंचित वाकायची.

रेमिगीला पदाची भीती नव्हती. त्याला भीती होती कुरणाची. जूनमध्ये तो गावच्या गायी घेऊन वर जायचा आणि सप्टेंबरात खाली यायचा. मधले महिने तो, कढई, धूर आणि गायी. सरपंचाला सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त गाव सोडता येत नाही, आणि दूध दिवसातून दोनदा येतं. एक उन्हाळा जरी तो गेला नाही, तर त्याच्या जागी पाठवायला कुरणाच्या मंडळाने खालच्या शहरातून एक पदवीवाला चीजवाला बघून ठेवला होता. तो एकदा वर चढला की उतरला नसता.

ऑक्टोबरात ओटिलिया स्वतः त्याच्या घरी आली. रेमिगीची बहीण आगाता बटाटे सोलत होती. आगाता एकेकाळी गावची खजिनदार होती, म्हणजे भोगून मोकळी. तेव्हापासून तिची जीभही मोकळी.

“काय सरपंच, कसं काय?” ओटिलिया म्हणाली.

“निवडणूक व्हायची आहे अजून,” रेमिगी म्हणाला.

“ती काय, रविवारी जेवणानंतर होईल. कॉफी गार व्हायच्या आत. तू फक्त बसायचं.”

“उन्हाळ्यात मी वर असतो.”

“होतास. आता मंगळवारी दोन ते चार कचेरीत बसायचं.”

“मंगळवारी येतं कोण?”

“कुणी येत नाही. पण कुणी आलं नाही हे बघायला कुणीतरी लागतंच ना, अरे!” ओटिलियाने किल्ली टेबलावर ठेवली. “आत्ताच ठेवून जाते. माझ्या मधमाश्यांनी मला ओळखणं सोडलंय.”

“किल्ली उचल,” आगाता म्हणाली. “बटाट्यांच्या सालीत गेली तर डुकराला सरपंच करावं लागेल.”

“तो तयार असेल तर माझी हरकत नाही,” ओटिलिया म्हणाली, पण किल्ली घेऊन गेली.

रेमिगीने टेबलावर किल्ली ठेवली होती ती जागा हाताने पुसली. मग म्हणाला, “मी जाणार नाही वर, तर मी काय करू?”

“मला काय विचारतोस? पळून जा.” आगाताने सुरीने मागच्या खोलीच्या दाराकडे दाखवलं. “ते बघ रॉसबोडेन. चार पावलांवर परदेश.”

ती थट्टा होती. पण रेमिगीला थट्टा कधीच लवकर कळली नाही. तो दाराकडे बघत राहिला, इतका वेळ की आगाताने सुरी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने आजोबांचा अक्रोडाचा पलंग सुटा केला आणि मागच्या खोलीत नेऊन पुन्हा जोडला. मग पूल ओलांडून रॉसबोडेनला गेला, तिथल्या कचेरीत नवा रहिवासी म्हणून नाव नोंदवलं, आणि परत येऊन ओटिलियाला वर्दी दिली.

“मी गाव सोडलं.”

“कधी?”

“सकाळी.”

“कुठे गेलास?”

“मागच्या खोलीत.”

ओटिलिया तडक त्याच्या घरी आली. “रेमिगी, तू जेवतोस इथे, चूल इथे, तुझे बूट इथे!”

“जेवतो इथे. राहतो तिथे. कायद्यात झोप धरतात.”

ओटिलियाने मागच्या खोलीचं दार उघडलं, पलंगाकडे पाहिलं आणि दार हळूच लावलं. शेजारच्या गावात न विचारता डोकावणं तिला बरं वाटलं नसावं.

रविवारी ग्रामसभा भरली. निवडायला कुणी नव्हतं. लोक एकमेकांकडे संशयाने बघत बसले, आणि गावच्या इतिहासात प्रथमच सभा तहकूब झाली. ओटिलियाची मुदत नवा मिळेपर्यंत वाढली. ती घरी जाताना तिच्या नवऱ्याने दुसरी वाट धरली.

तिकडे रॉसबोडेनमध्ये आनंद पसरला. तिथले सरपंच फ्रिडोलिन बिसिग नव्या रहिवाशाच्या स्वागताला स्वतः आले: डोक्याला सणाची टोपी, हातात टोपली, टोपलीत सुके पेअर, सॉसेज आणि चेरीची दारू. अडचण एवढीच, की मागच्या खोलीला बाहेरून दार नाही. फ्रिडोलिन आगाताच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहिले.

“बाई, मला माझ्या गावात जायचं आहे.”

“पाय पुसून जा,” आगाता म्हणाली.

ते आत गेले आणि पलंगाच्या कडेला बसले. डोळ्यांत पाणी होतं. “अकरा वर्षांत आमच्याकडे कुणी राहायला आलं नाही, इमहोल्त्ससाहेब. गेले मात्र पुष्कळ. काही दरीत, काही देवाघरी. तुम्ही आलात, गावाला कसं भरल्यासारखं वाटतंय. ग्रामसभेला याल ना?”

“झाली की ती.”

“तुमची झाली. आमची मार्टिनच्या सणाला.”

रेमिगीच्या हातातलं सॉसेज तसंच राहिलं. लाउएनेकची सभा ज्या रविवारी असते त्याच रविवारी साऱ्या जगाची असते अशी त्याची समजूत होती, आणि ती त्याच्या एकट्याची नव्हती. ओढ्यापलीकडे सभा कधी भरते हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारणार कुणाला? आपण बोलत नाही ना.

मार्टिनच्या दिवशी रेमिगी रॉसबोडेनच्या शाळेत भिंतीला पाठ लावून, शेगडीमागे जाऊन बसला. त्याने सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. पण रॉसबोडेनची रीत वेगळी. तिथे नव्या माणसाला सरपंच करतात, सगळ्यांची ओळख व्हावी म्हणून. अकरा वर्षं नवा माणूस नव्हता, म्हणून फ्रिडोलिनच अडकून पडले होते. सगळे हात एकदम वर गेले. एका म्हाताऱ्याने दोन्ही वर केले. फ्रिडोलिननी किल्ली रेमिगीच्या मुठीत कोंबली आणि टोपी विसरून धावत घरी गेले.

“झालास?” घरी आल्यावर आगाताने विचारलं.

“झालो.”

“मग आता परत ये. चार पावलं तर आहेत.”

सकाळी त्याने पुन्हा पलंग सुटा केला आणि पुढच्या खोलीत आणला. शेवटचा खिळा ठोकत असताना चर्चची घंटा वाजू लागली. रेमिगीला वाटलं, कुणीतरी गेलं. गेलेला तोच होता. तहकूब सभा पुन्हा भरली होती. रेमिगी परत आल्याची बातमी पलंगाच्या आधी गावात पोचली होती, आणि सभेत तो हजर नव्हता, म्हणजे संडासला गेल्यासारखाच. मतदानाला घंटा थांबण्याइतकाही वेळ लागला नाही.

अशा रीतीने जो माणूस कधीच सरपंच झाला नव्हता तो चोवीस तासांत दोन गावांचा झाला. कायद्याने दोन गावांचा सरपंच होता येत नाही, आणि दोन्हींपैकी एकालाही नाही म्हणता येत नाही. रेमिगीने कायदा दोनदा वाचला, मग करवत घेतली.

“भिंत कापतोस?” आगाता ओरडली.

“दार अरुंद आहे.”

त्याने दोन खोल्यांमधल्या लाकडी भिंतीला पलंगाएवढं भोक पाडलं आणि पलंग त्यातून आरपार सरकवला. उशी लाउएनेकमध्ये, पायथा रॉसबोडेनमध्ये. तो बरोबर हद्दीवर झोपू लागला, आणि दोन्ही कचेऱ्यांना त्याने कळवलं, की सदर इसमाचे वास्तव्य अनिश्चित आहे.

पाहणी झाली. खटल्यानंतर पहिल्यांदाच दोन गावांचे प्रमुख एकाच वेळी एका घरात आले: ओटिलिया भिंतीच्या या बाजूला, फ्रिडोलिन त्या बाजूला. रेमिगीला झोपून दाखवायला सांगितलं होतं. तो पाठीवर पडून छताकडे बघत होता. बोलणं त्याच्या पोटावरून चाललं.

“डोकं आमच्याकडे आहे,” ओटिलिया म्हणाली. “माणूस डोक्याने राहतो.”

“तुमच्या गावात राहत असेल,” पलीकडून फ्रिडोलिन म्हणाले. “आमच्याकडे पाय धरतात. पाय निघाले की माणूस गेला. डोकं काय, ते कुठेही असतं.”

“कुशीवर वळतो का हा?”

“वळला तरी आडवाच वळणार ना, बाई. तुमच्याकडे येणार नाही.”

“गुडघे पोटाशी घेतले तर?”

“रेमिगी, घे बघू गुडघे पोटाशी!” फ्रिडोलिन घाईघाईने म्हणाले. “नाही, नको! नको घेऊस!”

“तुमचं डोकं आणि पाय ठरलं असेल तर पोटाचंही ठरवा,” आगाता स्वयंपाकघरातून म्हणाली. “जेवायला मी घालते. आणि चादर अर्धी अर्धी धुवून आणा.”

काही ठरलं नाही. प्रकरण कँटनच्या कचेरीकडे गेलं, बर्फ पडला, बर्फ वितळला. मे उजाडला. गायींच्या घंटा पुसून झाल्या. कुरणाच्या मंडळाने निरोप पाठवला: महिनाअखेरपर्यंत निकाल लागला तर ठीक, नाहीतर पदवीवाल्याने सामान बांधलंच आहे. रेमिगी रोज सकाळी गोठ्यासमोर उभा राहून वर बघायचा. बर्फाची रेघ रोज थोडी वर सरकत होती. तो जेवण अर्ध्यात टाकून उठू लागला. आगाताने त्याला टोमणे मारणं बंद केलं, यावरून घरात काय चाललं होतं ते गावाला कळलं.

शेवटी मोजणीदार आला. तरुण होता, बुटांना जपत होता. त्याने तिपाई रोवली, पलंग मोजला, उशी मोजली, रेमिगीही मोजला. मग कागद मिटले आणि खांदे उडवले.

“पलंगाने काही ठरत नाही. कायदा विचारतो, माणसाचा कायम कुठे राहायचा इरादा आहे. तो इरादा सांगा.” त्याने रेमिगीकडे पाहिलं. “तुम्हाला कुठे राहायचं आहे?”

मोजणी बघायला आलेली ओटिलिया पुढे सरकली. फ्रिडोलिन भोकातून डोकं घालून ऐकू लागले. रेमिगीला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आई-वडिलांनी नाही, लष्कराने नाही, दोन्ही ग्रामसभांनी तर नाहीच.

“वर,” तो म्हणाला.

“वर म्हणजे?”

रेमिगीने त्याला हाताला धरून बाहेर नेलं आणि बोट दाखवलं. मोजणीदाराने नकाशा पसरला. हद्दीची तांबडी रेघ गोट्यांतून, रानातून, ओढ्याच्या उगमापर्यंत जात होती आणि तिथे संपत होती. त्याने नकाशा उलटा करून पाहिला.

“कुरण कुणाचं?”

“गवत आमचं,” ओटिलिया म्हणाली.

“गवत दोघांचं,” फ्रिडोलिन म्हणाले. “वाट मात्र त्यांची. दरड कोसळली की त्यांनी उचलायची.”

“वाट तुमची!”

करारात हद्द पाण्याच्या मध्यावरून होती. उगमाच्या वर पाणी नाही, म्हणून तिथे हद्दही नाही. दोन्ही गावांनी पाचशे वर्षं तिथे गायी चारल्या आणि जागा कुणाची हे विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं असतं तर दरड उचलावी लागली असती. मोजणीदाराने पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि त्याचा चेहराही त्याच रंगाचा झाला. तो न जेवताच निघून गेला.

मेच्या शेवटच्या दिवशी कँटनचं पत्र आलं. आगाताने ते उभ्याने वाचलं. अर्जदाराचा इरादा प्रामाणिक असल्याचे दिसून येते. त्याचे वास्तव्य कुरणावर मानण्यात येत आहे. सदर कुरण कोणत्याही गावात मोडत नसल्याने, पुढील आदेश होईपर्यंत ते स्वतंत्र गाव समजण्यात येईल. लोकसंख्या: एक. गावाला सरपंच असणे बंधनकारक आहे, तरी ग्रामसभा तातडीने भरवण्यात यावी.

“निवडून आलास तर सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त कुरण सोडता येणार नाही तुला,” आगाता म्हणाली. “कायदा आहे.”

रेमिगीने कागद तिच्या हातातून घेतला, ती ओळ पुन्हा वाचली, आणि टोपी शोधू लागला.

जूनमध्ये तो गायींसह वर गेला. संध्याकाळचं दूध कढईत गेल्यावर ग्रामसभा झाली. सभासद सगळे हजर होते. तो झोपडीच्या भिंतीला पाठ लावून बसला आणि जागचा हलला नाही, पण उपयोग झाला नाही. तो एकमताने निवडून आला. पदवीवाल्याला कळवण्यात आलं, की त्या गावात वस्ती करायची तर सरपंचाची परवानगी लागेल. त्याने सामान सोडलं. त्या वर्षीचं चीज किंचित जास्त खारट झालं, आणि कुणी काही बोललं नाही, कारण आता ते परगावचं होतं.

ओटिलिया आणि फ्रिडोलिन अजून सरपंच आहेत. दोघांची बैठक महिन्यातून एकदा भिंतीच्या भोकापाशी होते. पलंग काढल्यावर तिथे टेबल बसतं, आणि आगाता दोन गावांना एकाच किटलीतून कॉफी ओतते. दरडीचा विषय निघाला की मात्र फळी लावून भोक बंद करतात.

कायदा उन्हाळा आणि हिवाळा असा भेद करत नाही. त्यामुळे आता बर्फातही रेमिगी दोन आठवडे भरायच्या आत पायांना स्की बांधून वर जातो, छतातल्या झरोक्यातून आत उतरून एक रात्र राहतो, आणि हजेरी लावून खाली येतो. कँटनच्या आदेशानुसार त्याची झोपडी ही ग्रामपंचायतीची कचेरी असून ती वर्षभर सर्व नागरिकांसाठी खुली आहे. झोपडीचं दार बाहेर उघडतं, आणि नाताळापासून ईस्टरपर्यंत बर्फामुळे ते उघडत नाही.